बिबट्याचे ठिपके, घरचे मांजर

घरात मांजर आणायचे तर पूर्वी फार विचार करावा लागत नसे. शेजारच्या मनीला पिल्ले झाली की त्यातले एक उचलून आणायचे, इतकेच. आता मात्र तपासणी झाल्यावर मोबाईल पुढे करून विचारणारे भेटतात, “डॉक्टर, हे बेंगाल मांजर घ्यायचे म्हणतोय. घरात चार वर्षांचा मुलगा आहे, चालेल ना?” फोटोत एक देखणे मांजर असते. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, केसांना सोनेरी झळाळी, आणि किंमत ऐकून आपल्याच छातीत धडधडावे अशी. विकणाऱ्याने वर सांगितलेले असते की यात ‘खरे जंगली रक्त’ आहे.

मी माणसांचा डॉक्टर आहे. मांजरांच्या उपचारांबद्दल पशुवैद्यकांनीच बोलावे. पण या मांजराचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा लक्षात आले की तो वैद्यकशास्त्राच्या अंगणातून गेलेला आहे. त्यात ल्युकेमियाचा विषाणू आहे, एक बालरोगतज्ज्ञ आहे, आनुवंशिकतेचा एक प्रसिद्ध नियम आहे आणि आपल्या दिल्लीचा एक बेवारस बोकाही आहे. तो इतिहास समजला की वरच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. म्हणून या लेखात आधी इतिहास पाहू आणि मग निवडीकडे वळू.

दोन रानमांजरे, दोन वाटा

आपल्या घरातले मांजर मूळचे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या एका रानमांजराचे वंशज आहे. माणूस शेती करू लागला, धान्याची कोठारे आली, त्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे हे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. म्हणजे ही मैत्री निदान तितकी जुनी आहे.

दुसरे मांजर आशियातले. आकाराने साधारण घरच्या मांजराएवढे, पाय लांब, अंगावर गडद ठिपके. इंग्रजीत याला लेपर्ड कॅट म्हणतात. आपण बिबट मांजर म्हणू. ‘बेंगालेन्सिस’ हे त्याचे शास्त्रीय नाव १७९२ साली बंगालवरून पडले. आपल्या पश्चिम घाटातही ते आढळते. त्याचा बिबट्याशी संबंध केवळ ठिपक्यांपुरता. घरच्या मांजराचे आणि याचे पूर्वज साधारण ६० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. तुलनेसाठी सांगायचे तर माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटाही ढोबळमानाने तितक्याच काळापूर्वी फुटल्या.

हे बिबट मांजरही एकदा माणसाच्या उंबरठ्यापर्यंत आले होते. चीनमधल्या एका शेतकरी वसाहतीत सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीची मांजराची हाडे मिळाली. ती घरच्या मांजराच्या पूर्वजाची असावीत असे आधी वाटले. २०१६ साली हाडांच्या मोजमापांचा बारकाईने अभ्यास झाला आणि ती बिबट मांजराची ठरली. तिथेही धान्य होते, उंदीर होते, माणूस होता. तरीही ते मांजर माणसाळले नाही. आज चीनमध्ये घरोघरी जी मांजरे आहेत ती पश्चिमेकडून आलेल्या जातीची.

हा मुद्दा ध्यानात ठेवूया. एका प्राण्याला माणसासोबत राहण्याची सवय हजारो वर्षांत लागली. दुसऱ्याला तीच संधी मिळूनही तो रानातच राहिला.

कातड्याच्या कोटापासून सुरुवात

विसाव्या शतकाच्या मध्याला श्रीमंत देशांत ठिपकेदार कातड्याच्या कोटांची फॅशन जोरात होती. १९६२ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जॅकलिन केनेडी बिबट्याच्या कातड्याचा कोट घालून वावरल्या आणि त्याची मागणी आणखी भडकली. त्याच काळात अमेरिकेतल्या दुकानांत बिबट मांजराची जिवंत पिल्लेही पाळण्यासाठी विकली जात. वन्यप्राण्यांच्या व्यापाराला लगाम घालणारा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे सायटीस, अजून व्हायचा होता. तो १९७३ मध्ये झाला आणि १९७५ मध्ये लागू झाला.

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या जीन सग्डेन यांच्याकडे अशीच एक बिबट मांजरी होती. पुढे त्या जीन मिल या नावाने ओळखल्या गेल्या. मांजरी एकटी पडू नये म्हणून त्यांनी तिच्यासोबत एक काळा घरगुती बोका ठेवला. दोघांचे जमेल असे कुणाला वाटले नव्हते, पण १९६३ साली त्यांना पिल्लू झाले.

जीनबाईंनी पुढे आपला हेतू अनेकदा सांगितला. ज्याच्या अंगावर बिबट्याचे ठिपके आहेत असे मांजर घरात, मांडीवर असेल, तर तसल्याच कातड्याचा कोट घालायला माणसाला नकोसे वाटेल, अशी त्यांची कल्पना होती. कल्पना भाबडी वाटेल, पण हेतू वाईट नव्हता. मात्र लवकरच त्यांच्या पतीचे निधन झाले आणि तो प्रयोग थांबला.

बालरोगतज्ज्ञ आणि ल्युकेमियाचा विषाणू

आता आपण वैद्यकशास्त्राकडे येतो. १९६४ साली ग्लासगो येथे विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांमध्ये कर्करोग घडवणारा एक विषाणू शोधला. यालाच मांजरांचा ल्युकेमिया विषाणू म्हणतात. तो लाळेतून एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो, रोगप्रतिकारशक्ती खालावतो आणि रक्ताचे वा लसिका ग्रंथींचे कर्करोग घडवू शकतो. माणसाला तो होत नाही, ही दिलाशाची बाब.

विशेष म्हणजे या विषाणूच्या जुन्या प्रतींचे तुकडे घरच्या मांजराच्या स्वतःच्या जनुकसंचातच पिढ्यानपिढ्या चालत आलेले असतात. बिबट मांजरात ते नसतात. साहजिकच संशोधकांना प्रश्न पडला, की या रानमांजराला त्या रोगाविरुद्ध काही नैसर्गिक संरक्षण आहे का? आणि असल्यास ते संकरातून पुढे जाते का?

कॅलिफोर्नियात या प्रश्नाच्या मागे लागले डॉ. विलर्ड सेंटरवॉल. हे पशुवैद्य नव्हते. ते माणसांचे बालरोगतज्ज्ञ आणि आनुवंशिकतज्ज्ञ. फिनाइलकिटोन्युरिया नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात मुलाची बौद्धिक वाढ खुंटते, पण वेळीच निदान होऊन आहार बदलला तर ते टाळता येते. बाळाच्या ओल्या लंगोटावर रसायनाचा थेंब टाकून या आजाराचा संशय ओळखायची सोपी चाचणी सेंटरवॉल यांनी १९५७ साली पुढे आणली होती. भारताशीही त्यांचा संबंध होता. नात्यातली लग्ने आणि मुलांमधली जन्मजात व्यंगे यांवर दक्षिण भारतात केलेला त्यांचा अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध झाला आहे. मामा-भाचीच्या लग्नांचा अभ्यास केलेला हा माणूस पुढे बिबट मांजर आणि घरचे मांजर यांचा संकर करून पिल्लांचे रक्त तपासत होता.

ल्युकेमियाच्या बाबतीत या संकरांतून उपचार हाती लागला नाही. मांजरांसाठीची लस १९८० च्या दशकात आली, ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून. पण प्रयोग झाल्यावर संकरित मांजरांचे काय करायचे, हा प्रश्न उरला. १९८० च्या सुमारास जीन मिल यांनी त्यातल्या काही माद्या मागून घेतल्या आणि थांबलेले काम पुन्हा सुरू केले. आज ज्याला आपण बेंगाल म्हणतो त्या जातीचा पाया असा कर्करोग संशोधनातून उरलेल्या मांजरांवर घातला गेला आहे.

पिढ्यांचा हिशोब

संकराची भाषा समजून घेऊ. रानमांजर आणि घरचे मांजर यांच्या पिल्लाला एफ१, म्हणजे पहिली पिढी म्हणतात. त्यात रानाचा वाटा निम्मा. त्याचा घरच्या मांजराशी संकर केला की एफ२, वाटा सरासरी २५ टक्के. मग १२.५, मग सव्वासहा. चौथ्या पिढीपासून पुढच्या बेंगालला सामान्यतः घरगुती मांजर मानले जाते.

या वाटेत निसर्गाने एक अडसर ठेवलेला आहे. जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९२२ साली एक नियम मांडला. दोन वेगळ्या जातींच्या संकरात एकाच लिंगाची संतती वांझ किंवा दुर्मीळ असेल, तर ज्याची लिंग-गुणसूत्रे वेगवेगळी असतात ते हे लिंग असते. सस्तन प्राण्यांत ते म्हणजे नर. (हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात स्थायिक झाले, इथले नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले.) बेंगालने हा नियम तंतोतंत पाळला. सुरुवातीच्या पिढ्यांतल्या माद्या प्रजननक्षम, नर मात्र वांझ.

याचा व्यावहारिक परिणाम असा की दर पिढीला संकरित मादीसाठी बाहेरून घरगुती बोका आणावा लागे. आणि तो दिसायलाही साजेसा हवा, नाहीतर ठिपके पुसट होत जाणार. जीनबाई अशा बोक्याच्या शोधात होत्या.

गेंड्याच्या कुंपणातला बोका

तो बोका त्यांना भारतात मिळाला. १९८२ साली त्या दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात आल्या असता तिथल्या अधिकाऱ्याने त्यांना गेंड्याच्या कुंपणात राहणारे एक बेवारस मांजर दाखवले. रंग नारिंगीकडे झुकणारा, त्यावर गडद ठिपके आणि केसांना उन्हात चमकणारी झळाळी. हा बोका अमेरिकेला नेण्यात आला. ‘टोरी ऑफ दिल्ली’ या नावाने त्याची नोंद आहे. तो असंख्य बेंगाल मांजरांचा पूर्वज ठरला.

बेंगालच्या अंगावरची ती प्रसिद्ध झळाळी याच बोक्याकडून आली असे पैदासकार मानतात. म्हणजे आज आपल्याकडे लाखाच्या घरातली किंमत सांगून ‘विदेशी’ म्हणून जे सौंदर्य विकले जाते, त्यातला एक ठळक भाग दिल्लीच्या एका रस्त्यावरच्या बोक्याचा आहे!

मांजरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या टिका या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८० च्या दशकात बेंगालची नोंद सुरू केली आणि १९९१ साली स्पर्धेचा पूर्ण दर्जा दिला. सीएफए या जुन्या संघटनेने मात्र रानमांजराचा संकर म्हणून दीर्घकाळ दार बंद ठेवले. ते २०१६ मध्ये उघडले.

रानाच्या रक्ताशिवाय ठिपके

ठिपके हवेत म्हणजे रानमांजर हवेच का? याचे उत्तर बेंगालच्याही आधी मिळाले होते.

इजिप्शियन माऊ ही मुळातच ठिपकेदार असलेली घरगुती जात. रशियातून परागंदा झालेल्या नताली त्रुबेत्स्कोय या राजघराण्यातल्या बाईंनी रोममध्ये ती वाढवली आणि १९५६ साली त्या आपली मांजरे घेऊन अमेरिकेला गेल्या.

दुसरे उदाहरण तर निव्वळ योगायोगाचे. १९६४ साली मिशिगन राज्यात व्हर्जिनिया डेली या बाई सयामी आणि अबिसिनियन या दोन घरगुती जातींचा संकर करत होत्या. त्यांना हवा होता सयामीचाच एक नवा रंगप्रकार. दुसऱ्या पिढीत अचानक एक फिकट पिल्लू जन्मले, अंगभर सोनेरी ठिपके असलेले. त्यांच्या मुलीला ते दक्षिण अमेरिकेतल्या ऑसेलॉट या रानमांजरासारखे वाटले, म्हणून तिने त्याला ‘ऑसिकॅट’ म्हटले. त्या पहिल्या ठिपकेदार पिल्लाची नसबंदी करून ते दहा डॉलरला पाळण्यासाठी दिले गेले. नंतर क्लाइड कीलर या आनुवंशिकतज्ज्ञाने त्यात रस घेतला, तेव्हा तोच संकर पुन्हा करून ही जात उभी राहिली. ऑसिकॅटमध्ये रानमांजराचा अंशही नाही.

आणखी मोठे, आणखी रानटी

माणसाची हौस मात्र एवढ्यावर थांबत नाही. १९८६ साली पेनसिल्व्हेनियात आफ्रिकेतल्या सर्व्हल या रानमांजराचा आणि सयामी मांजरीचा संकर झाला. त्या पिल्लाचे नाव सव्हाना, आणि पुढे तेच जातीचे नाव झाले. सर्व्हल घरच्या मांजराच्या कितीतरी पट मोठा असतो. त्याचा गर्भकाळ साधारण ७४ दिवसांचा, घरच्या मांजराचा ६३ ते ६५ दिवसांचा. त्यामुळे पहिल्या पिढीची पिल्ले अनेकदा अपुऱ्या दिवसांची जन्मतात आणि त्यातली बरीच दगावतात. जी जगतात ती दुर्मीळ, म्हणून हजारो डॉलर किमतीची.

जिथे एवढा पैसा तिथे फसवणूकही आलीच. २००७ साली एका अमेरिकी कंपनीने ‘अशेरा’ नावाची नवी जात जाहीर केली. घरचे मांजर, सर्व्हल आणि बिबट मांजर अशा तिघांचा संकर, किंमत २२ हजार डॉलर. पुढच्याच वर्षी डीएनए तपासणीत ती दुसऱ्याच पैदासकाराकडची साधी सव्हाना मांजरे निघाली.

२००८ मध्येच ऑस्ट्रेलियाने सव्हानाच्या आयातीवर बंदी घातली. ही चपळ, उंच उड्या मारणारी मांजरे मोकाट झाली तर तिथल्या दुर्मीळ प्राण्यांचा फडशा पाडतील, ही भीती त्यामागे होती.

जनुकांचा निकाल

आता या सगळ्या इतिहासातला कळीचा टप्पा. बेंगालच्या अंगावरचे ते बिबट्यासारखे रूप नेमके कुणाचे? बिबट मांजराचे की घरच्याचे?

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी ९०० हून अधिक बेंगाल मांजरांच्या जनुकसंचाचा अभ्यास करून २०२४ साली तो प्रसिद्ध केला. सरासरी बेंगालमध्ये बिबट मांजराचा वाटा भरला जेमतेम तीन ते चार टक्के. आणि त्यांना ज्याची अपेक्षा होती तेच सापडले नाही. ठिपक्यांसाठी निवडून निवडून सगळ्या बेंगालमध्ये स्थिरावलेले असे बिबट मांजराचे एकही जनुकरूप मिळाले नाही. ते देखणे रूप प्रामुख्याने घरच्या मांजरात आधीच विखुरलेल्या जनुकांच्या निवडीतून आलेले निघाले. झळाळीचे जनुकरूपसुद्धा घरच्या मांजराचेच.

याचा अर्थ सरळ आहे. पैदासकारांनी चाळीस वर्षे रानाचे रूप निवडले असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात ते घरच्या मांजरातले ठिपके वेचत होते. आणि वागणूक माणसाळलेली हवी म्हणून रानाचा वाटा मात्र दर पिढीला वजा होत गेला. म्हणून ‘पहिल्या पिढीचे, जास्त जंगली रक्ताचे’ म्हणून जे महाग विकले जाते, त्यात सौंदर्य जास्त असतेच असे नाही. जास्त असतो तो रानाचा स्वभाव.

डॉक्टर म्हणून सांगायचे ते

तर, घरात लहान मूल आहे, ठिपक्यांचे मांजर घ्यावे का? माझे मत मुद्द्यांनिशी देतो.

१. पिढी विचारा, ठिपके नंतर. पहिल्या तीन पिढ्यांची मांजरे लाजरीबुजरी असतात, अनोळखी माणूस दिसताच दडून बसतात, घरभर मूत्राचे फवारे मारतात आणि कोंडीत सापडल्यासारखे वाटले तर ओरबाडतात. हा त्यांचा दोष नाही. साठ लाख वर्षांचा स्वभाव दोन पिढ्यांत जात नाही. लहान मुलांच्या घरात अशी मांजरे आणू नयेत. चौथ्या पिढीपुढचे बेंगाल हे घरगुती मांजरच, पण फार उत्साही. दिवसभर बंद राहणाऱ्या दोन खोल्यांच्या घरात ते कंटाळते आणि मग नासधूस करते.

२. चावा हलका समजू नका. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून बारीक भोक दिसते, पण जंतू खोल रुजतात. कुत्र्याच्या चाव्यापेक्षा मांजराचा चावा चिघळण्याची शक्यता जास्त. हाताच्या सांध्यावर चावा असेल तर २४ तासांतच सूज आणि ठणका सुरू होऊ शकतो. ओरखड्यातून होणाऱ्या एका जिवाणूजन्य आजारात काही दिवसांनी काखेत किंवा मानेत गाठी येतात.

३. रेबीज. चावा किंवा ओरखडा झाला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लस आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन ते ठरवतील. इथे संकराचा एक वेगळा मुद्दा आहे. चावलेल्या प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचा जो नियम आपण ऐकतो, तो पाळीव कुत्र्या-मांजरांच्या अभ्यासावर आधारलेला आहे. रानमांजरांना तो लागू नाही. अमेरिकेत रेबीजची कोणतीही लस अशा संकरित प्राण्यांसाठी अधिकृतपणे मान्य नाही, कारण त्यांच्यातील परिणामकारकता सिद्ध केलेली नाही. म्हणून सुरुवातीच्या पिढीचे मांजर चावले तर ‘त्याला लस दिली आहे’ एवढ्यावर विसंबू नये.

४. कच्चे मांस. ‘जंगली रक्त’ म्हणून या मांजरांना कच्चे मांस घालण्याची टूम आहे. त्यातून साल्मोनेला आणि टॉक्सोप्लाझ्मा घरात येऊ शकतात. घरात गर्भवती असेल तर मांजराच्या विष्ठेचा ट्रे दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज साफ करावा. विष्ठेतला टॉक्सोप्लाझ्मा संसर्गजन्य व्हायला साधारण एक ते पाच दिवस लागतात, म्हणून ‘रोज’ हा शब्द महत्त्वाचा.

५. अ‍ॅलर्जी. ‘बेंगालमुळे अ‍ॅलर्जी होत नाही’ हे विक्रीचे वाक्य आहे. अ‍ॅलर्जी घडवणारे प्रथिन मांजराच्या लाळेत आणि त्वचेच्या ग्रंथींत असते; केस कमी गळतात म्हणून ते नाहीसे होत नाही. घरात दमेकरी असेल तर घेण्याआधी त्या मांजरासोबत काही तास, निरनिराळ्या दिवशी घालवून पाहा.

६. आईबापांच्या तपासण्या मागा. मोजक्या पूर्वजांपासून वाढवलेल्या कोणत्याही जातीत अप्रभावी जनुकांचे आजार डोके वर काढतात. नात्यातल्या लग्नांबाबत सेंटरवॉल जे तपासत होते, तेच इथेही लागू. बेंगालमध्ये दृष्टिपटल झिजून लहान वयात अंधत्व आणणारा एक आजार आहे आणि तांबड्या पेशी लवकर मोडून रक्तक्षय करणारा दुसरा. दोन्हींसाठी डीएनए चाचणी उपलब्ध आहे. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजारही आढळतो. त्यासाठी आईबापांची इकोकार्डिओग्राफी विचारावी. कागद दाखवायला टाळाटाळ होत असेल तर तिथून उठावे.

७. कायदा. बिबट मांजराला आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. ते पकडणे, बाळगणे, विकणे हा गुन्हा आहे. सायटीस कराराच्या दृष्टीने संकरित प्राण्याच्या मागच्या चार पिढ्यांत असा वन्यप्राणी असेल तर त्यालाही सामान्यतः तेच नियम लागू होतात. म्हणून सुरुवातीच्या पिढीचे मांजर कुणी विकत असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करावी.

शेवटच्या मुद्द्याला आपल्याकडे एक जोड आहे. ऊसतोडीच्या दिवसांत फडात ठिपकेदार पिल्ले सापडतात. कधी ती बिबट्याची असतात, कधी ज्यांना आपण वाघाटी म्हणतो त्या छोट्या रानमांजरांची. ती इतकी गोंडस असतात की घरी नेऊन दूध पाजावेसे वाटते. तसे करू नका. आई बहुधा जवळच असते आणि अंधार पडल्यावर पिल्लांना घेऊन जाते. पिल्लांना हात न लावता वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. चीनमधल्या त्या शेतकऱ्यांच्या दारात येऊनही जे माणसाळले नाही, ते आपल्या ओसरीवर बाटलीने दूध पाजून माणसाळणार नाही. फार तर त्याला जंगलही पारखे होईल.

ज्यांना ठिपक्यांचा सोस आहे त्यांनी चौथ्या पिढीपुढचे, तपासण्यांचे कागद असलेले बेंगाल घ्यावे किंवा रानाचा अंश नसलेले माऊ अथवा ऑसिकॅट पाहावे. आणि ज्यांना नुसतेच मांजर हवे आहे, त्यांनी एकदा आपल्या गल्लीत नजर टाकावी. एखाद्या दुकानाच्या पायरीवर, अंगावर पट्टे तुटून ठिपके झालेले एखादे पिल्लू सहज दिसेल. त्याला पशुवैद्यकाकडे नेऊन लस द्या, जंताचे औषध द्या, वेळेवर नसबंदी करा. जगभर नावाजलेल्या बेंगालचा एक पूर्वज असाच बेवारस होता आणि त्याची किंमत कुणी विचारली नव्हती.